सर्वांत सौम्य शिक्षा

पंधरा वर्षांत मला कुणी क्षितिजची आई म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा मी सिंगापूरमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, रांगेत उभी होते. सकाळचे अकरा वाजले होते, पुढे दोन माणसं, मागे एक म्हातारा पेपरची घडी करून मानेला वारा घालत होता. फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणजे एकतर बँक नाहीतर भामटे, म्हणून मी "येस?" जरा खेकसूनच म्हटलं. पलीकडे एक तरुण मुलगी, आवाज गोड आणि सरकारी. "मॅम, आर यू द मदर ऑफ क्षितिज?" ते जोडाक्षर तिनं तीन ठिकाणी तोडलं, पण नाव त्याचंच होतं. मी हो म्हटलं. ते कसं म्हटलं कुणास ठाऊक, कोपीवाली आंटी भांडं तसंच धरून माझ्याकडे बघायला लागली. मुलगी सांगत होती की चोआ चू कांगच्या दफनभूमीतला त्याची कबर असलेला भाग आता उघडायचा आहे, पंधरा वर्षं पूर्ण झाली, नियमच आहे तो. मला नियम माहीत होता. पुरताना सही करून घेतात तेव्हाच सांगतात, पण त्या दिवशी पंधरा वर्षं हा आकडा ऐकायला कुणाला कान होते! "हिंदू, राइट मॅम? सो वी क्रिमेट, कॅन?" मी म्हटलं, थांबा. मराठीत म्हटलं. ती थांबली, मग पुन्हा गोड आवाजात म्हणाली की रेकॉर्डवर वडिलांचं नाव आहे, त्यामुळे त्यांना यावं लागेल, सही त्यांची लागेल. माझा नंबर आला होता. आंटीनं न विचारताच कप पुढे केला आणि मी तो तिथेच टेबलावर विसरून वर आले.

माझं काम सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, अमुक विषय तमुक पानावर, ती मी करते. कुणी कौतुकानं वाचत नाही ती, पण नसली की सगळे बोंबलतात. पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकले त्याचा एवढाच उपयोग झाला. घरी जेवणाच्या टेबलावर बसायचं, छापायच्या आधीची पानं वाचायची, आणि प्रत्येक कल्पनेला तिच्या खणात बसवायचं. त्या आठवड्यात टेबलावर सहाशे पानांचा एक ठोकळा होता, ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातल्या एका भांडणावरचा. भांडण सोळाशे वर्षांपूर्वीचं आणि प्रश्न एकच: जन्मलेलं मूल निष्पाप असतं की पापी? उत्तर आफ्रिकेतला एक बिशप म्हणायचा, पापी. पहिल्या माणसानं जो अपराध केला तो बापाकडून पोराकडे, त्याच्याकडून त्याच्या पोराकडे उतरत आलाय, म्हणून तान्ह्या मुलालाही पाण्यानं धुऊन घ्यायला हवं, बाप्तिस्मा द्यायला हवा, नाहीतर ते गेलं तर त्याची सुटका नाही. ब्रिटनकडून रोमला आलेला एक साधू म्हणायचा, काहीतरीच काय! मूल कोरं येतं. पाप म्हणजे आपण करतो ते, रक्तातून येतं ते नव्हे. वर्षानुवर्षं ही माणसं एकमेकांवर पत्रं आणि ग्रंथ फेकत बसली, कार्थेज नावाच्या शहरात सभा भरल्या, आणि शेवटी साधू हरला. त्याला हाकलून दिलं. मी काही ख्रिस्ती नाही, मला काय त्याचं? असं म्हणत मी तीनशे अडतीस पानं संपवली होती. कोपी खाली विसरून आले आणि हाताला काम हवं म्हणून तीनशे एकोणचाळिसावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की पाणी न मिळता गेलेल्या तान्ह्या बाळांचं काय, असं बिशपला लोकांनी अगदी खोदून विचारलं. तो म्हणाला, शिक्षा त्यांनाही आहे, पण ती सगळ्यांत सौम्य.

मला राग आला. भयंकर आला. सोळाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "सौम्य म्हणे! मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड?" असं मी मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला पंखा होता. एकटं राहिलं की अशी सवय लागते, आधी मनात, मग पुटपुटत, मग चक्क खणखणीत. शेजारच्या चैत्रालीनं एकदा भिंतीपलीकडून ऐकून विचारलं होतं, "मीनलताई, पाहुणे आलेत का?"

क्षितिज गेला तेव्हा चार महिने अकरा दिवसांचा होता. नाव निशिकांतनं ठेवलं. निशिकांत माझा नवरा, बोटीवर इंजिनिअर. मला सातवा महिना होता तेव्हा आम्ही पुलाउ उबीनला गेलो होतो, लोक सायकली चालवत होते आणि आम्ही धक्क्यावर शहाळं पीत बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "मुलगा झाला तर क्षितिज. आम्हाला बोटीवर तेवढंच दिसतं रोज, निदान घरी तरी जवळ असेल." बाळ पहिले दोन महिने छान होतं. मग खोकला, मग ताप, मग तोंडात पांढरं, मग हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाल्या, याच्या शरीरात रोगाशी लढायला सैनिकच नाहीत, जन्मतःच नाहीत. आम्ही काचेपलीकडून बघायचो. एका मंगळवारी दुपारी संपलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून निशिकांतनं नाशिकला त्यांच्या गुरुजींना फोन लावला, विधी काय करायचे विचारायला. गुरुजींनी एकच प्रश्न केला, "दात आले होते का?" निशिकांतनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. गुरुजी म्हणाले, "मग अग्नी नाही द्यायचा. मातीत ठेवायचं. अग्नी कशाला त्याला? त्याचं काय पाप आहे जाळायला?" फोन स्पीकरवर होता. त्या दिवशी कुणी काय काय बोललं ते सगळं पुसून गेलंय, पण हे वाक्य राहिलं. त्या वाक्याला धरून मी उभी राहिले. त्यानंतर निशिकांतच्या कंपनीनं घर बदलायला सांगितलं तरी मी बदललं नाही. लोक शाळा जवळ म्हणून घर घेतात, एमआरटीचं स्टेशन जवळ म्हणून घेतात. मी चोआ चू कांगमध्ये पंधरा वर्षं राहिले कारण इंटरचेंजवरून एक बस थेट दफनभूमीच्या दारात सोडते. दर महिन्याला जात होते. अलीकडे दोन महिन्यांनी.

आता खरं सांगते. बाळ गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी निशिकांतला बोटीवर जावं लागलं, सुट्टी संपली होती. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी एकटीच हॉस्पिटलमध्ये गेले. एका खोलीत टिश्यूचा डबा आधीच टेबलावर काढून ठेवलेला होता, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. समजावून सांगणारी बाई फार चांगली होती. तिनं कागदावर गोल आणि चौकोन काढले, गोल म्हणजे बायका, चौकोन म्हणजे पुरुष. हा दोष आईकडून येतो, फक्त आईकडून, म्हणाली. आईला काही होत नाही, ती नुसती वाहते, आणि मुलगा झाला तर त्याला देण्याची शक्यता निम्मी. "इट इज नॉट युअर फॉल्ट," असं ती तीनदा म्हणाली. कुणी तीनदा म्हटलं की माणसाला उलटंच वाटायला लागतं. घरी येऊन मी पुण्याला आईला फोन केला. आई हळूच म्हणाली, "आमच्याकडे मुलगे जगत नाहीत गं." तिचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. आणि माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, तो पाच महिन्यांचा होऊन गेला. हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. "बाबांना माहीत होतं का, तुझ्या माहेरचं?" मी विचारलं. आई म्हणाली, "वेडी आहेस का? आणि तूही सासरी अक्षर बोलू नकोस हं, मीनू. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." आई आता नाही. तिच्यावर रागावावं तर ती बिचारी तिच्या आईचंच ऐकत आली असणार.

त्या संध्याकाळी निशिकांतचा बोटीवरून फोन आला. सॅटेलाइटचा फोन, बोललेलं दोन सेकंदांनी पोचतं. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही म्हणाले. दोघांपैकी कुणाकडूनही आलं असेल." दोन सेकंद गेले. मग तो म्हणाला, "बरं." दोन सेकंद मला परत मिळाले होते, त्यात मी वाक्य फिरवू शकले असते. नाही फिरवलं. आणि मग जे रिकामं ठेवलं होतं ते सासूबाईंनी भरून काढलं. त्यांनी नाशिकला त्याच गुरुजींना गाठलं आणि गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, पितृदोष. शोध घेता घेता निघालं की निशिकांतच्या पणजोबांनी घराचा पाया खणताना नाग मारला होता, जोडीदार होता त्याचा, तोही मारला. तोच हा दोष, मुलाच्या मुळावर आला. बघा म्हणजे! ज्या तोंडानं "त्याचं काय पाप" म्हणाले त्याच तोंडानं पणजोबांचं पाप पोराच्या मढ्यापर्यंत आणून पोचवलं. बिशप आणि साधू दोघे एकाच धोतरात.

निशिकांत पुढच्या सुट्टीत आला तो थेट नाशिकला. मीही गेले. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला, तीन दिवसांचा विधी, नवरा-बायको दोघांनी बसायचं, पांढरी वस्त्रं नेसून. दुसऱ्या दिवशी कणकेचा नाग केला. चांगला फणा काढलेला, डोळ्यांच्या जागी काळे तीळ. निशिकांतनं त्या नागाचं माणसासारखं सगळं केलं, त्याला खांद्याशी धरून नेलं आणि अग्नी दिला. मी त्याच्या हाताला हात लावून शेजारी. पोराला माती दिली आणि कणकेला अग्नी. धूर डोळ्यांत गेला म्हणून आम्ही दोघंही रडत होतो. तो पणजोबांच्या वतीनं क्षमा मागत होता, खरोखर मनापासून, आणि चोआ चू कांगच्या कपाटात, माझ्या हिवाळी कपड्यांच्या बॅगेत, ते गोल आणि चौकोन काढलेला कागद पडून होता. माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. आता बोलणं म्हणजे क्रूरपणा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो आणि ऐकणाराही तोच असल्यामुळे पटतं.

विधी झाला तरी निशिकांतच्या मनातून ते गेलं नाही. मी दुसऱ्या मुलाचं एकदाच काढलं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या रक्तात आहे ते, मीनल. आणखी एक पोर मातीत घालायचं का?" त्यावेळी मला खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. भीती माझी होती आणि नकार त्याचा. मुलगी झाली असती, किंवा आधी तपासणी करता आली असती, हॉस्पिटलमधल्या त्या बाईनं सगळं समजावलं होतं. पण त्यासाठी आधी कागद काढावा लागला असता. मग तो बोटीवर जास्त राहायला लागला. सहा महिन्यांचे आठ, आठाचे नऊ. सुट्टी नाशिकला, इथे आठ-दहा दिवस. आम्ही भांडलो नाही, वेगळे झालो नाही. तो आला की दोघं मिळून भाजी आणतो, टीव्ही बघतो, आणि तो माझ्याशी फार सांभाळून वागतो, माझं काहीतरी मोडल्यासारखं. ते सांभाळणं मला सहन होत नाही. तो परत गेला की मी आधी रडते आणि मग खिडक्या उघडते.

तर ते तीनशे एकोणचाळिसावं पान. पुढचे चार दिवस मी निशिकांतला फोन केला नाही. तो नाशिकलाच होता, सुट्टीवर. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे तोही तिकडे एकटाच. मी फोन उचलायचे, ठेवायचे आणि कामाला बसायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, प्रत्येक ओळ माझ्यावरच लिहिलेली वाटायची. "मुले, निष्पाप" ही स्वतंत्र नोंद करायची की "पाप" या मोठ्या नोंदीखाली घालायची, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. अशात चैत्राली लाडू घेऊन आली. चौतिशीची पोरगी, आयटीतली, हसली की अख्खा मजला हसतो. "ताई, तोंड गोड करा, पीआर झालं आमचं, आता इथे कायमचं राहता येणार! अहो दोनदा रिजेक्ट झालं होतं. क्षितिज..." ती थबकली नाही, थबकले मीच. तिला काहीच माहीत नाही, ती तिच्या दिराचं नाव घेत होती, तो जर्मनीत असतो. "क्षितिजभावजींचं तिकडे होईना आणि आमचं इथे झालं. सासऱ्यांची पुण्याई, दुसरं काय! आयुष्यभर लोकांच्या मुलांना फुकट शिकवलंय त्यांनी, ते कुठेतरी उभं राहतंच ना?" मी म्हटलं, राहतं गं. लाडू खाल्ला, चांगला झाला होता, बेदाणा जास्त. ती गेल्यावर विचार करत बसले. आपल्याकडे ही पुण्याई सगळ्यांच्या तोंडी. आईवडिलांची पुण्याई म्हणून नोकरी, आजोबांची पुण्याई म्हणून अपघातातून वाचले. कुणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही. मग पुण्य उतरत येतं तर पाप का नको? गोड तेवढं आपलं आणि कडू आलं की म्हणायचं, अन्याय आहे! बिशपला एवढ्या शिव्या घालून मीही घरात त्याचाच माल ठेवून होते.

आणि त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना, मला दुसरी गोष्ट कळली. कळली म्हणजे नळ चालूच राहिला. मी साधूच्या बाजूनं होते, पहिल्या पानापासून. मूल कोरं येतं म्हणणारा तो एकटा माणूस, क्षितिजच्या बाजूनं उभा राहिलेला. पण साधूचं खरं धरलं तर पुढचंही धरावं लागतं. पाप रक्तातून येत नाही, आपण करतो ते पाप. म्हणजे तो दोष, ते गोल आणि चौकोन, त्यात माझा काहीच अपराध नाही, त्या बाईनं तीनदा सांगितलं ते बरोबरच. आणि फोनवर दोन सेकंदांत जे केलं, त्र्यंबकेश्वरला धुरात बसून जे केलं, तो सगळा अपराध माझा. माझा एकटीचा. आईवर ढकलता येत नाही, आजीवर येत नाही, पणजोबांच्या नागावर तर नाहीच. बिशपकडे निदान गर्दी होती, सगळेच पापी, त्यात मी एक. साधूच्या दारात मी एकटी उभी. पोराला सोडवायचं तर मला अडकायला हवं होतं. मी नळ बंद केला आणि बराच वेळ ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. मला फार एकटं वाटलं. वाटलं, आत्ता निशिकांत इथे हवा होता. आणि ज्याला सांगायचं तोच जवळ हवासा वाटावा याचं मला हसू आलं.

बिशपलाही एक मुलगा होता. हे मला पुढे कळलं, एका तळटीपेत. बिशप होण्याआधीचा, लग्नाशिवाय झालेला मुलगा, हुशार होता म्हणे, सतराच्या आसपास गेला. सहाशे पानांत त्याला एक तळटीप. मी शिव्या देणं थांबवलं. सूचीत नोंद केली, "मुलगा, मृत्यू", आणि पुढे एकच पान क्रमांक. एवढ्याशा उल्लेखाला वेगळी नोंद करत नसतात, नियम आहे. मी केली. मग पानं बाजूला सारली आणि नाशिकला फोन लावला.

"येतो," निशिकांत म्हणाला. मी फक्त उघडण्याबद्दल सांगितलं होतं. "अग्नी द्यायचा म्हणतायत का? म्हणजे मलाच द्यायला हवा. माझ्यामुळेच..." मी म्हटलं, "तू ये आधी." तो म्हणाला, "तू सांभाळ हं स्वतःला. मी सगळं बघतो." ते सांभाळणं परत. फोन ठेवल्यावर मी कपाटातून ती बॅग काढली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता, पण गोल आणि चौकोन शाबूत होते.

तो बुधवारी आला, गुरुवारी सकाळी सातची वेळ होती. घरात सांगायचं ठरवलं होतं. पण तो आल्यावर त्यानं बॅगेतून चिवडा काढला, मग पंचा आणि गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू काढून देवापाशी ठेवला, आणि मला बोलवेना. सकाळी बसमध्ये सांगायचं ठरवलं. बसमध्ये शाळेची मुलं होती. शेवटी आम्ही दफनभूमीत पोचलो. पांढऱ्या मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी, चौतीस. आमच्या पुढे एक तमिळ कुटुंब बसलं होतं, म्हातारीच्या मांडीवर फुलांची परडी. पलीकडे कुदळीचे आवाज येत होते. एकोणतीस झाला. निशिकांतनं पंचा मांडीवर घडी करून ठेवला होता आणि तो त्याच्या कडा पुन्हा पुन्हा सारख्या करत होता. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला, पंच्यावर. "हा काय?" तो म्हणाला. मी म्हटलं, "तू बोटीवर होतास तेव्हाचा. माझ्याकडून आलं होतं, निशिकांत. फक्त माझ्याकडून. आईकडूनच येतं ते. माझे मामा गेले, भाऊ गेला, सगळे तसेच. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोलले." एका दमात बोलले. आवाज चिरका आला. म्हातारीनं मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली. निशिकांतनं चष्मा लावला, कागद वाचला. इंजिनिअर माणूस, आकृती त्याला लगेच कळली. बोट चौकोनावर ठेवलं, तिथून गोलावर नेलं. तीस झाला. एकतीस.

"आईला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईला नाही. माझ्या आईला."

"म्हणजे तो नाग..."

"हो."

तो एकदा हसला, नाकातून. "पणजोबांना उगाच छळलं आपण," म्हणाला. मग हसणं गेलं. "तीन दिवस माझ्या शेजारी बसलीस तू. माझ्या हाताला हात लावून." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माफ कर म्हणायला तोंड उघडलं पण तो शब्द एवढासा वाटला की मी तो गिळून टाकला. मला वाटलं, आता तो उठेल, आता ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. त्यानं कागदाची जुन्या घडीवर घडी घातली आणि तो खिशात ठेवला. "दुसरं मूल..." एवढंच म्हणाला आणि ते पुरं केलं नाही. चौतीस नंबर पुकारला.

कामावरचे मुकादम एक वयस्क चिनी गृहस्थ होते, डोक्यावर गवताची हॅट, हातमोजे मातीनं माखलेले. त्यांनी आधी आमच्यापुढे जरा वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बेबी, आह? व्हेरी सॉरी. नथिंग ऑलरेडी. सो स्मॉल. ऑल बिकम सॉइल." खड्डा गुडघाभरसुद्धा नव्हता. त्यात काहीच नव्हतं. माती होती, इथली तांबडी, ओली. एवढंसंही हाड नाही, कापडाचं सूतही नाही. बरोबरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला, अवशेष नाहीत या रकान्यात खूण केली, तिचाच आवाज तो, फोनवरचा. दहन करायचं की नाही हा प्रश्न तिनं विचारलाच नाही, जाळायला काही असेल तर विचारणार ना. मुकादम अंकल म्हणाले, हवी तर थोडी माती घ्या. निशिकांतनं सही केली. मग चपला काढल्या, खाली बसला आणि ओंजळभर माती पंच्यात घेतली. मी शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून.

"पंधरा वर्षं," तो मातीकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, निदान तेवढं तरी माझ्याकडून गेलं होतं त्याच्याकडे. वाईट का होईना. बोटीवर असताना मी तेच धरून बसायचो गं. तेही नव्हतं माझं. म्हणजे माझं त्याच्याकडे काहीच नव्हतं."

मी त्याच्याकडून सगळं घेतलं होतं, आणि आता हेही घेतलं. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं, सहाशे पानं वाचूनही. माझ्याकडे द्यायला काही आहे का, मी आठवायला लागले. काच, नळ्या, तो एवढासा चेहरा, उशीवर एका बाजूला वळलेला.

"कान," मी म्हटलं. "कान तुझे होते. डावा जरा बाहेर आलेला, अगदी तुझ्यासारखा. मी दूध पाजताना दाबून धरायचे, सपाट होईल म्हणून. होत नव्हता."

निशिकांतनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण त्याचा हात वर गेला, मातीनं भरलेला, आणि त्यानं स्वतःचा डावा कान धरला, दाबून सोडला. कान परत बाहेर आला. त्यावर तांबडी माती लागली होती. मी ती पुसली नाही.